सिस्टरांच्या नावाचं कनेक्शन

“मी वाचून दाखवते. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा,” सिस्टर फोनवर म्हणाल्या आणि चष्मा नाकावर सरकवून त्यांनी वही पुढे ओढली.

पलीकडची मुलगी गोंधळली असावी. ब्रॉडबँड कंपनीत फोन करून कुणी तिला परत वाचून दाखवेल अशी तिची अपेक्षा नव्हती. सिस्टरांनी सुरुवात केली. घरगुती कनेक्शन, नवीन. तिसरा मजला, जिना चढून आल्यावर डावीकडचं दार. माणूस गुरुवारी येणार, सकाळी दहा ते बारा. अर्जाचा नंबर, एकेक आकडा सुटा. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत आणि पलीकडून ‘हो मॅडम’ आल्याशिवाय पुढे सरकत नसत. फोन स्पीकरवर होता आणि शेजारच्या खुर्चीत मी एका पँटची उसवलेली शिवण मांडीवर घेऊन बसले होते. मी साक्षीदार होते.

हा दवाखान्यातला रिवाज. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं की नर्सनं ते लिहायचं, त्यांना परत वाचून दाखवायचं, आणि ते ऐकायला दुसरी नर्स जवळ हवी. सिस्टरांनी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. निवृत्तीला सहा वर्षं होऊन गेली, तरी फोनवर काही ठरवायचं म्हटलं की त्यांना अजून दुसरी नर्स लागते. समोरच्या दारात राहून लोकांचे कपडे दुरुस्त करणारी मी हीच काय ती दुसरी नर्स. त्या मला टेलरबाई म्हणतात. इंजेक्शनची सुई नुसती पाहिली तरी मला घाम फुटतो, पण सिस्टरांना नाही म्हणायची माझी टाप नाही.

त्यांच्या घरात ब्रॉडबँड नव्हतं असं नाही. चांगलं चालणारं होतं. ते त्यांच्या मुलाच्या नावावर होतं, आणि त्याच्यावर एक कॅमेरा चालायचा. आता हा कॅमेरा कुठून आला ते सांगते, कारण त्यात माझाही हात आहे.

सव्वा वर्षापूर्वी सिस्टर बाथरूमच्या दाराशी पाय घसरून पडल्या. मी नेमकी बाहेरगावी होते. पाच तास त्या फरशीवर होत्या. मुलगा परगावी नोकरीला. तो धावत आला, महिनाभर राहिला, आईला चालती केली. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या शिलाई मशीनसमोर येऊन बसला. चाळिशीचा बाप्या, डोळे भरलेले. म्हणाला, “काकू, मी तिला अशी टाकून कसा जाऊ?” तेव्हा मला नको ती हुशारी सुचली. मी म्हटलं, एखादा कॅमेरा लावून टाक की.

त्यानं लावला. हॉलच्या कोपऱ्यात, छताजवळ, मुठीएवढा. लांबून फिरवता येणारा. तो फिरला की किर्र असा बारीक आवाज यायचा आणि सिस्टरांना कळायचं, मुलगा बघतोय. मग फोन यायचा. आई, गॅसवर काहीतरी आहे. आई, चप्पल घाल. आई, दिवा का नाही लावलास? पोराचं प्रेम खरं होतं, त्यात खोट नव्हती. पण ज्या बाईनं मोठमोठ्या सर्जनना मास्क नीट बांधा म्हणून सुनावलं, तिला आता चप्पल घाल म्हणून फोन येत होते. एकदा त्यांनी दुपारभर प्लग काढून ठेवला. मुलानं मला फोन केला, वॉचमनला केला, आणि आम्ही माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत घुसलो, तर सिस्टर केसांना टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर येत होत्या. त्या दिवशी मुलगा फोनवर इतका रडला की सिस्टरांनी शब्द दिला, पुन्हा प्लग काढणार नाही. दिलेला शब्द त्या मोडत नाहीत. तसंच चाललं होतं.

मग त्यांच्या जुन्या दवाखान्यातून निरोप आला. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटांशी रोज सकाळी दोन तास व्हिडिओवर बोलायचं, टाके बघायचे, ड्रेसिंग कसं करायचं ते सांगायचं. सिस्टरांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. दहा वर्षांनी तरुण झाल्या होत्या. अटी दोनच: कनेक्शन त्यांच्या स्वतःच्या नावावर हवं, आणि खोलीत तिसरं कुणी ऐकणारं, बघणारं नको. मुलगा म्हणाला, त्यात काय, त्या दोन तासांत मी कॅमेरा बंद ठेवीन.

चाचणीचा पहिला कॉल झाला. एका गृहस्थांनी शर्ट वर करून पोटावरचे टाके दाखवायला घेतले आणि कोपऱ्यातून किर्र आवाज आला. सिस्टरांनी स्क्रीनवर तळहात ठेवला आणि त्या माणसाला म्हणाल्या, शर्ट खाली घ्या, उद्या बघते. दहा मिनिटांनी मुलाचा फोन. तो वेळ विसरला होता. वर त्यानं विचारलं, कोण होते गं ते, टाके जरा लालच दिसत होते ना?

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “टेलरबाई, चौतीस वर्षं पडदा ओढल्याशिवाय मी कुणाच्या अंगावरचं पांघरूण काढलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला माझं कनेक्शन हवंय.” काम सोमवारपासून सुरू होणार होतं. सोमवारी त्या तयार नसतील तर यादीतल्या पुढच्या नर्सला मिळणार होतं. तो मंगळवार होता, आणि म्हणून तो फोन, ती वही आणि मी.

गुरुवारी साडेदहाला वायरवाला आला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात ड्रिल, कपाळावर घाम. तो भिंत ठोकून बघू लागला तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, आधी कागदावरचं नाव वाचा. त्यानं वाचलं. मुलाचं नाव होतं.

सिस्टरांनी वही उघडली. मजला होता, दार होतं, वेळ होती, अर्जाचा नंबर होता. नाव नव्हतं. नाव त्यांनी वाचूनच दाखवलं नव्हतं. त्यांच्या मोबाइलचं सिमसुद्धा मुलाच्याच नावावर, त्यामुळे कंपनीच्या कॉम्प्युटरनं आपलं आपण तेच उचललं होतं. दुसरं कुणी असतं तर कंपनीला शिव्या घालून मोकळं झालं असतं. सिस्टर स्वतःवर चिडल्या. “पेशंटच्या मनगटावरची नावाची पट्टी सगळ्यात आधी बघायची,” त्या मला म्हणाल्या. “नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायचे मी. आणि इथे माझंच नाव बघायचं राहिलं.”

वायरवाला समजावू लागला की मावशी, नावाचं काय एवढं, स्पीड तेवढाच येणार. मीही त्याची री ओढली. म्हटलं, आत्ता लावून घ्या, नाव मागाहून बदलता येईल. खरं सांगायचं तर मी या बाबतीत महाभित्री. माझ्या घरचं कनेक्शन दिवसातून चार वेळा बंद पडतं आणि गेली तीन वर्षं मी फोन करायचा टाळतेय.

“मागाहून काही होत नसतं,” सिस्टर म्हणाल्या. “चुकीच्या नावानं एकदा टेबलावर घेतलं की घेतलं.” त्यांनी वायरवाल्याला पंख्याखाली बसवलं, गार पाणी दिलं, त्याला फुकट खेप पडली म्हणून माफी मागितली आणि त्याला भेंडोळ्यासकट परत पाठवलं. जाता जाता तो आणखी एक मेख मारून गेला. जिन्यातल्या वायरींच्या खोबणीत एका घराची एकच वायर चालते, सोसायटीचा नियम आहे. जुनं बंद होत असल्याचा मेसेज दाखवल्याशिवाय नवी वायर आत घेता येणार नाही.

म्हणजे कामं दोन आणि रविवार सोडला तर दिवस हातात दोनच. मी हात टेकले असते. सिस्टरांनी घराची कागदपत्रं पिशवीत घातली, काठी घेतली आणि मला म्हणाल्या, चल. हे घर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं, कागदांवर त्यांचंच नाव आहे. बसचे दोन थांबे जाऊन आम्ही नव्या कंपनीच्या दुकानात पोचलो. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता, पण जुना अर्ज रद्द होऊन नवा व्हायला सात दिवस लागतात, एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. सिस्टरांनी ते वहीत लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि सात दिवसांत नेमकं कुठल्या दिवशी काय होतं ते विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, विचारून घ्या, मी बसते. आणि बसल्या. दुपारची पाण्याची बाटली संपली, माणसं आली आणि गेली, काउंटरवाला दोनदा चहा पिऊन आला. ही म्हातारी उठत नाही हे कळल्यावर त्यानं तीन ठिकाणी फोन फिरवले आणि दुकान बंद व्हायच्या आत नवा अर्ज झाला. या वेळी सिस्टरांनी सगळ्यात आधी नाव वाचून दाखवलं. स्वतःचं नाव असं मोठ्यानं, अक्षर न् अक्षर सुटं करून वाचताना त्यांचा आवाज किंचित चढला होता. तो माणूस हो म्हणाला, मीही हो म्हणाले. वायर शनिवारी येणार असं ठरलं.

शुक्रवार सगळ्यात कठीण गेला. नवीन घ्यायला कंपन्या पायघड्या घालतात, बंद करतो म्हटलं की त्यांना ऐकू येईनासं होतं. जुन्या कंपनीत आधी पंधरा मिनिटं संगीत वाजलं. मग एकानं विचारलं, स्पीडची तक्रार आहे का? नाही. मग दुप्पट स्पीड देतो. नको. तीन महिने फुकट देतो. नको. शेवटी तो फार खुशीत येऊन म्हणाला, मॅडम, आमच्या जुन्या ग्राहकांना सध्या एक जादा कॅमेरा मोफत आहे. मला हसू आवरेना, मी मांडीवरची पँट तोंडाला लावली. सिस्टर तिळमात्र हलल्या नाहीत. “मला बंद करायचंय,” त्या चौथ्यांदा म्हणाल्या, त्याच आवाजात.

मग तो मुद्द्यावर आला. खातेदार मॅडम नाहीत, सर आहेत. बंद करायचं तर सरांच्या मोबाइलवर ओटीपी जाणार, तो आकडा दहा मिनिटांत सांगावा लागणार. त्यानं आवाज हळू करून एक युक्तीही सुचवली. सरांना नुसतं विचारा, काय नंबर आलाय ते. कशासाठी हे सांगायची गरज नाही, लोक असंच करतात. मला ते एकदम पटलं. सिस्टर म्हणाल्या, “त्याला सांगूनच करायचंय. तुम्ही पाठवा.”

टेबलावर एका बाजूला त्यांचा फोन, त्यात कंपनीचा माणूस वाट बघत बसलेला. दुसऱ्या बाजूला माझा फोन, तो सिस्टरांनी मुलाला लावला. त्यानं पहिल्या रिंगलाच उचलला. मेसेज त्याला पोचला होता.

“आई, हे काय आलंय? कनेक्शन बंद करायचा ओटीपी?”

“तोच सांग,” सिस्टर म्हणाल्या.

तो बोलायला लागला आणि बोलतच सुटला. त्या दिवशी चूक झाली, पुन्हा होणार नाही, तो घड्याळात गजर लावेल, कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे करेल. सिस्टरांनी त्याला अडवलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं गेली होती.

“तू पाच तास पडून होतीस, आई,” तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “मी फोन करत होतो, तू उचलत नव्हतीस, आणि मी परत जाऊन मीटिंगमध्ये बसत होतो. दर वेळी जाऊन बसत होतो.”

हे त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं. निदान माझ्या कानावर तरी आलं नव्हतं. सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मला ऐकू येत होता तो फोन,” त्या म्हणाल्या. “फरशीवरून. सतरा वेळा वाजला. मी मोजत होते. दर वेळी वाजला की मला वाटायचं, आहे, लक्षात आहे त्याच्या. त्याच्या जोरावर मी शुद्धीत राहिले रे. तुझं काहीएक चुकलं नव्हतं.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मी परत पडेन,” सिस्टर म्हणाल्या. “वय झालंय, पडेन कधीतरी. कॅमेरा मला धरणार नाहीये. तू फक्त मला पडताना बघशील. ते तुला दिसू नये असं मला वाटतं. आणि माझ्या पेशंटांचे टाके मी सोडून कुणी बघू नयेत. मी रोज सकाळी आठला तुला फोन करीन. नाही आला, तर टेलरबाईला कर.”

माझं नाव निघालं आणि मला राहवेना. मुळात ती अवदसा मलाच आठवली होती. मी फोनकडे वाकून म्हटलं, “मी बाहेरगावी गेले तर तुला आधी सांगून जाईन. नाही तर आठ वाजून पाच मिनिटांनी किल्ली घेऊन आत असेन. माझं ऐक, दे तो नंबर.” एवढं ठाम मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

आठ मिनिटं झाली होती. दुसऱ्या फोनमधून कंपनीचा माणूस हॅलो हॅलो करायला लागला होता.

मुलानं आकडे सांगितले. सहा होते. सिस्टरांनी लिहिले, वाचून दाखवले आणि त्यानं हो म्हटल्यावरच दुसरा फोन उचलला. काम अर्ध्या मिनिटात झालं. कंपनीच्या माणसानं सवयीनं विचारलं, आणखी काही मदत करू का? सिस्टर म्हणाल्या, बंद झाल्याची तारीख आणि वेळ मला सांगा, मी वाचून दाखवते. शनिवार, दुपारी चार.

शनिवारी सकाळी तोच वायरवाला आला. या खेपेला त्यानं दारातच आपण होऊन नाव वाचलं. बंद होणार असल्याचा मेसेज त्याला दाखवला, त्यानं जुनी वायर न कापता खोबणीबाहेर काढून ठेवली, नवी ओढली, पांढरा डबा भिंतीला लावला. सिस्टरांनी दोन खोल्यांत फिरून फोनवर चित्र नीट येतंय ना ते तपासलं आणि दवाखान्याला कळवलं की सोमवारी मी आहे. चार वाजता जुन्या डब्याचे दिवे गेले. त्यांच्याबरोबर कॅमेऱ्याचा निळा ठिपकाही विझला. सिस्टर तिकडे बघत राहिल्या. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटत होतं, पण त्यांचा चेहरा काही तसा नव्हता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी घरी आल्या होत्या तेव्हा असा होता.

मग म्हणाल्या, हा आता भिंतीवर नको. मी म्हटलं, उद्या वॉचमनला सांगू, त्याचा हात पोचतो. तोवर त्यांनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलंसुद्धा. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं आणि त्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर चढल्या. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, आणि टेबलावर त्यांचा फोन वाजला. मी एक हात लांब करून स्पीकर लावला. मुलगा होता.

“काय करतेस, आई?”

कॅमेरा लागल्यापासून त्यानं हे कधी विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याला दिसायचं सगळं. त्याचं बोलणं कायम पुढून सुरू व्हायचं, तू हे करतेयस ते करू नकोस, इथून. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो आईला विचारत होता.

सिस्टरांनी वरून माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली. बसलेय म्हणा, पेपर वाचतेय म्हणा. मी तेच म्हटलं असतं.

“स्टुलावर उभी आहे,” त्या म्हणाल्या. “तुझा कॅमेरा काढतेय. नीट गुंडाळून पाठवून देते. टेलरबाईनं स्टूल धरलंय.”

आता तो ओरडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

“बरं,” तो म्हणाला. एवढ्या एका शब्दाला त्याला किती कष्ट पडले ते आम्हा दोघींना कळलं.

“झालं माझं. आता उतरते,” सिस्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “गुडघा धरलाय रे. मी उतरेपर्यंत फोन ठेवू नकोस.”

“नाही ठेवत.”

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, माझ्या खांद्यावर भार टाकला आणि एक पाय खाली सोडून त्या फरशी शोधू लागल्या. टेबलावरच्या फोनमधून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.